पुणे लोकसभा मतदारसंघाचा नकाशा आणि इतिहास कसा मांडावा

धनकवडीत राहणाऱ्याचा खासदार बारामतीचा, कोंढव्यातल्याचा शिरूरचा आणि सांगवीतल्याचा मावळचा. तिघेही पत्त्याच्या शेवटी पुणेच लिहितात. शाळेचा प्रकल्प असो, वस्तीचा इतिहास असो की निवडणुकीच्या तोंडावर करायचा तक्ता असो, पहिला घोळ इथेच होतो. पुणे शहर आणि पुणे लोकसभा एकच धरून काम सुरू होतं आणि अर्ध्यावर आल्यावर आकडे जुळेनासे होतात. म्हणून नकाशाला हात लावण्याआधी एक छोटा हिशेब करून घ्या.

एकवीस भागिले सहा

महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा आहेत, म्हणजे एका लोकसभेत सहा विधानसभा. एक विधानसभा दोन लोकसभांत विभागता येत नाही. पुणे जिल्ह्याच्या वाट्याला विधानसभेच्या २१ जागा आहेत. सहा-सहाचे तीन गट केले की १८ संपतात, तीन उरतात. ते तिन्ही, म्हणजे मावळ, चिंचवड आणि पिंपरी, घाट उतरून पनवेल, कर्जत आणि उरणला जोडले गेले आणि मावळ लोकसभा तयार झाली. अर्धा मतदारसंघ घाटावर आणि अर्धा कोकणात कसा, असं विचारणाऱ्याला हे भागाकाराचं उत्तर पुरतं.

आता शहर घ्या. पुणे महापालिका आणि दोन कॅन्टोन्मेंट यांच्या परिसरात विधानसभेच्या आठ जागा आहेत आणि त्यांचे क्रमांक ओळीने लागतात: २०८ वडगाव शेरी, २०९ शिवाजीनगर, २१० कोथरूड, २११ खडकवासला, २१२ पर्वती, २१३ हडपसर, २१४ पुणे कॅन्टोन्मेंट, २१५ कसबा पेठ. यातून २११ आणि २१३ काढा. उरलेल्या सहा म्हणजे पुणे लोकसभा, क्रमांक ३४. खडकवासला बारामतीत (क्रमांक ३५) गेला, हडपसर शिरूरमध्ये (क्रमांक ३६). दोन्ही शहराच्या कडेला आहेत आणि त्यांची हद्द ग्रामीण मतदारसंघांना लागते, त्यामुळे बाहेर काढायला तेच सोयीचे होते. कसबा पेठ बारामतीला जोडता येत नाही, मध्ये सगळं शहर येतं.

२०८ ते २१५, वजा २११ आणि २१३. एवढं पाठ ठेवलं तर पुढच्या निम्म्या चुका टळतात.

कागद, प्रमाण आणि आधाररेषा

हाताने काढणार असाल तर ए-वन आकाराचा कागद घ्या आणि १ सेंटिमीटरला ४०० मीटर हे प्रमाण ठेवा. बालेवाडीपासून खराडीपर्यंतचं पूर्व-पश्चिम अंतर हवाई रेषेत साधारण १९ किलोमीटर आहे, लोहगावच्या बाजूपासून बिबवेवाडीपर्यंतचं उत्तर-दक्षिण अंतर १७-१८ किलोमीटर. चारशेच्या प्रमाणात हे सगळं ४८ गुणिले ४५ सेंटिमीटरमध्ये बसतं आणि कडेला सूचीला जागा उरते. अडीचशेचं प्रमाण हाताशी सोपं वाटतं, पण उत्तर-दक्षिण ७० सेंटिमीटर होते आणि कागद अपुरा पडतो. पेठांसाठी मात्र वेगळा ए-थ्री कागद हवाच, १ सेंटिमीटरला १०० मीटर. मोठ्या नकाशावर सोमवार पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातली रेघ दाखवायला गेलात तर शाईचा डाग उठेल, दुसरं काही नाही.

संगणकावर करायचं असेल तर क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं साधन पुरेसं आहे. खाली ओपन स्ट्रीट मॅप घ्या आणि वर प्रत्येक विधानसभेचा वेगळा थर ठेवा. सहाही एकाच थरात काढल्या तर पुढे एकीची रेघ दुरुस्त करताना शेजारणीची हलते.

आधी मतदारसंघाच्या रेघा काढू नका. आधी नद्या, टेकड्या, रेल्वे आणि लष्करी हद्द काढा, कारण पुण्यातल्या बऱ्याच रेघा त्यांना धरून जातात. खडकवासल्याकडून मुठा ईशान्येला येते, पश्चिमेकडून औंध-बोपोडीला वळसा घालून मुळा येते, संगमावर दोघी मिळतात आणि मुळा-मुठा बंडगार्डनवरून मुंढव्याकडे पूर्वेला जाते. या तीन रेघा कागदावर आल्या की मतदारसंघ आपोआप तीन भागांत दिसू लागतो. दोन नद्यांच्या बेचक्यात औंध, बोपोडी, खडकी आणि शिवाजीनगर. मुठेच्या उजव्या काठावर पेठा, पर्वती आणि पुढे कॅम्प. मुळा-मुठेच्या उत्तरेला येरवडा, विमाननगर, खराडी, विश्रांतवाडी आणि लोहगावचा विमानतळ.

टेकड्यांमध्ये वेताळ टेकडी नीट काढा. कोथरूड विधानसभा या टेकडीच्या दोन्ही अंगांना आहे, एका बाजूला कोथरूड-एरंडवणे आणि पलीकडे पाषाण-बाणेर-बालेवाडी. नुसत्या नावावर विसंबलं की बाणेर शिवाजीनगरात टाकलं जातं. औंध शेजारी आहे, पण औंध शिवाजीनगरात आणि बाणेर कोथरुडात.

कॅन्टोन्मेंट दोन आहेत आणि ती दोन वेगळ्या विधानसभांत आहेत. खडकी कॅन्टोन्मेंट शिवाजीनगर विधानसभेत येतं. पुणे कॅन्टोन्मेंट, म्हणजे बोलीतला कॅम्प, स्वतःच्या नावाच्या विधानसभेत येतो, पण त्या विधानसभेत महापालिकेचा भागही बराच आहे, उदाहरणार्थ कोरेगाव पार्क. मतदारसंघाचं नाव आणि कॅन्टोन्मेंट बोर्डाची हद्द एक समजू नका. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी लष्करी वस्ती वसवली, ती गावठाणापासून अंतर राखून. शहराचं हे जुनं दुभंगलेपण आजच्या मतदारसंघांतही दिसतं, म्हणून लष्करी हद्द वेगळ्या रंगाने भरा.

आदेश कसा वाचायचा

आजच्या सीमा २००८ च्या परिसीमन, म्हणजे मतदारसंघांच्या रेघा नव्याने आखण्याच्या, आदेशातून आल्या. परिसीमन कायदा २००२ चा, आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग, आधार २००१ च्या जनगणनेचा. त्याप्रमाणे लोकसभेची पहिली निवडणूक २००९ ला झाली. आदेशाच्या परिशिष्टात प्रत्येक विधानसभेसमोर तिची व्याप्ती लिहिलेली असते. कुठला तालुका, पूर्ण की भाग, महापालिकेचे कुठले वॉर्ड, कुठलं कॅन्टोन्मेंट. शेवटच्या तक्त्यात कुठल्या लोकसभेत कुठल्या विधानसभा, ते येतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. आदेशातले वॉर्ड क्रमांक त्या वेळच्या जनगणनेतल्या वॉर्डांचे आहेत, आजच्या महापालिका प्रभागांचे नाहीत. पुण्यात प्रभागरचना सतत बदलत आली. २०१२ ला दोन सदस्यांचे प्रभाग होते, २०१७ ला बहुतेक चार सदस्यांचे असे ४१ प्रभाग झाले. कोणी आदेशातला क्रमांक घेऊन आजच्या प्रभागाच्या नकाशावर ठेवला तर एखादी पेठ थेट विमाननगरला जाऊन पडेल. नकाशा दिसायला सुबक होतो, म्हणून चूक लवकर कळतही नाही. जनगणना विभागाच्या २००१ च्या वॉर्ड-नकाशाशीच तो क्रमांक जुळवा. तो मिळाला नाही तर आदेशातले वॉर्ड क्रमांक सरळ बाजूला ठेवा आणि मतदार याद्यांवरून सीमा उभी करा. वेळ जास्त जातो, पण उत्तर बरोबर येतं.

दुसरा सापळा हद्दवाढीचा. महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. मतदारसंघाच्या रेघा मात्र जागच्या हलल्या नाहीत. वाघोली महापालिकेत आली तरी विधानसभा शिरूरच राहिली आणि लोकसभाही शिरूरच. सूस आणि म्हाळुंगे बाणेर-बालेवाडीला खेटून आहेत, कचऱ्याची गाडी आता पुणे महापालिकेची येते, पण मतदान भोर विधानसभेसाठी, म्हणजे बारामती लोकसभेसाठी. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं तर आणखीच गंमतशीर. महापालिकेत घेतली, नंतर वेगळ्या नगरपरिषदेसाठी बाहेर काढली, आणि या सगळ्या काळात मतदारसंघ पुरंदरच होता. तेव्हा नकाशावर महापालिकेची हद्द तुटक रेघेने आणि लोकसभेची अखंड रेघेने दाखवा आणि महापालिकेच्या रेघेवर साल लिहा. साल न लिहिलेली महापालिकेची हद्द काही कामाची नाही.

कडा मतदार यादीवरून पक्क्या करा

शेजारच्या दोन वस्त्यांत रेघ नेमकी कुठून जाते हे सांगणारा सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे मतदार यादीचं पहिलं पान. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर जिल्हा, विधानसभा आणि यादी भाग (एका मतदान केंद्रापुरती यादी) निवडला की पीडीएफ उतरते. पहिल्या पानावर विधानसभेचा क्रमांक, नाव आणि आरक्षण, ती कुठल्या लोकसभेत येते, यादी भागाचा क्रमांक, पुनरीक्षणाचं वर्ष आणि अर्हता दिनांक (ज्या तारखेला मतदाराचं वय १८ पूर्ण हवं ती) असतो. खाली त्या भागातले विभाग एकाखाली एक दिलेले असतात: सोसायटीची नावं, गल्ली, सर्व्हे क्रमांक, कधी नुसतं 'कालव्याच्या कडेची घरे' अशा थाटाचं वर्णन. मग पोलीस ठाणं, तालुका, पिन कोड, मतदान केंद्राचं नाव-पत्ता आणि तळाशी पुरुष, स्त्री, तृतीयपंथी मिळून एकूण मतदार. पुढच्या पानांवर दर पानाला तीस मतदार. तुमचं काम पहिल्या पानावरच संपतं. लोकांची नावं, वयं, घर क्रमांक नकाशात आणायचं काही कारण नाही.

कामाची पद्धत अशी ठेवा. एका कडेच्या दोन्ही बाजूंच्या विधानसभा घ्या, समजा २१२ पर्वती आणि २११ खडकवासला. दोन्हींच्या कडेच्या भागांची पहिली पानं काढा. पर्वतीच्या विभागांना हिरवा आणि खडकवासल्याच्या विभागांना लाल ठिपका द्या. सहकारनगरच्या बाजूने हिरवे ठिपके सरकत येतील, धनकवडीच्या बाजूने लाल, आणि मधली रेघ दिसू लागेल. ठिपके एकमेकांत मिसळले तर घाबरू नका. बऱ्याचदा कारण साधं असतं. सोसायटीचं नाव दोन ठिकाणी सारखं असतं, किंवा यादीत जुनं सर्व्हे क्रमांकाचं वर्णन तसंच राहिलेलं असतं. तिथे प्रत्यक्ष जाऊन वळणावरची पाटी वाचणं हाच उपाय. पिन कोडवरून निकाल लावू नका. टपाल खात्याची हद्द मतदारसंघाला विचारून आखलेली नाही.

तपासायच्या कडा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घ्या. औंध आणि सांगवी यांच्यामध्ये मुळा आहे. सांगवी चिंचवड विधानसभेत, म्हणजे मावळ लोकसभेत. बोपोडी आणि दापोडी यांच्यामध्येही मुळा आणि हॅरिस पूल. दापोडीला पिंपरी-चिंचवड सुरू होतं. या दोन कडा पाण्याने आखलेल्या, त्यामुळे सोप्या. धानोरीकडून दिघीकडे जाताना भोसरी विधानसभा लागते, ती शिरूर लोकसभेत. खराडी संपून वाघोली लागली की पुन्हा शिरूर. कोरेगाव पार्क सोडून मुंढव्यात शिरलात की हडपसर विधानसभा, लोकसभा शिरूरच. दक्षिणेला कोंढवा हडपसरमध्ये. धनकवडी, धायरी, वडगाव बुद्रुक आणि वारजे खडकवासल्यात. वारजे आणि कोथरूड यांची कड सगळ्यात जास्त वेळ खाते, कारण वस्ती सलग आहे आणि मध्ये ना नदी ना डोंगर. तिथे एक अख्खा दिवस राखून ठेवा.

आजूबाजूच्या लोकांना विचारून खात्री करायची असेल तर 'तुमचा मतदारसंघ कोणता' असं विचारू नका, निम्मे लोक नगरसेवकाचं नाव सांगतील. 'लोकसभेला मतदान कधी केलंत' असं विचारा. २०२४ मध्ये बारामतीचं मतदान ७ मे रोजी होतं आणि पुणे, शिरूर, मावळ यांचं १३ मे रोजी. सहकारनगर-धनकवडी किंवा कोथरूड-वारजे अशा कडांवर बोटाला शाई लागल्याची तारीखच रेघ सांगते. शिरूर आणि मावळच्या कडांवर मात्र ही युक्ती २०२४ साठी चालत नाही. तिथे २०१९ विचारा, तेव्हा पुणे आणि बारामती २३ एप्रिलला, तर मावळ आणि शिरूर २९ एप्रिलला होतं. इतक्या वर्षांपूर्वीची तारीख लोकांना आठवेलच असं नाही, हा भाग वेगळा.

इतिहासाचा तक्ता

तक्त्याला पाच रकाने ठेवा: वर्ष, मतदारसंघाचं त्या वेळचं नाव, विजयी उमेदवार, अधिकृत नोंदीतला पक्ष आणि शेरा. शेऱ्याचा रकाना रुंद हवा, खरा इतिहास तिथेच मावतो.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. तेव्हा पुणे मुंबई राज्यात होतं आणि नोंदीत 'पूना' अशीच स्पेलिंग आहे. 'पुणे' शोधत बसलात तर जुन्या अहवालांत काही सापडणार नाही. त्या वेळी पूना सेंट्रल आणि पूना साउथ असे दोन मतदारसंघ होते. सेंट्रलमधून काकासाहेब, म्हणजे न. वि. गाडगीळ, आणि साउथमधून इंदिरा मायदेव, दोघेही काँग्रेसचे. या दोघांना आजच्या पुणे मतदारसंघाचे 'पहिले खासदार' म्हणून एकाच ओळीत बसवू नका, मतदारसंघच वेगळे होते.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नानासाहेब गोरे निवडून आले आणि नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात राहिलेले गाडगीळ हरले. नोंदीत गोऱ्यांचा पक्ष प्रजासमाजवादी दिसतो. शेऱ्यात संयुक्त महाराष्ट्र समितीचा उल्लेख केला नाही तर हा निकाल कळणारच नाही. १९६२ ला शंकरराव मोरे, काँग्रेस. १९६७ ला एस. एम. जोशी, संयुक्त समाजवादी. १९७१ आणि १९७७ दोन्ही वेळा मोहन धारिया, पण पहिल्यांदा काँग्रेसकडून आणि दुसऱ्यांदा जनता पक्षाकडून. निवडणूक आयोगाच्या १९७७ च्या अहवालात त्यांच्यापुढे भारतीय लोक दल आढळेल, कारण जनता पक्षाचे उमेदवार लोक दलाच्या चिन्हावर लढले होते. ही नोंद चूक समजून खोडणारे पुष्कळ भेटतात. खोडू नका, रकान्यात जसं आहे तसं ठेवा आणि शेऱ्यात कारण लिहा.

१९८०, १९८४ आणि १९८९ अशा तिन्ही वेळा विठ्ठलराव गाडगीळ, काकासाहेबांचे चिरंजीव. १९९१ ला अण्णा जोशी, भाजपचा इथला पहिला विजय. १९९६ ला सुरेश कलमाडी, काँग्रेस. १९९८ ला कलमाडी भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या विठ्ठल तुपे यांच्याकडून हरले. नुसता पक्षाचा रकाना वाचणाऱ्याला इथे भाजप मैदानातच नव्हता असं दिसतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरंही आहे. १९९९ ला भाजपचे प्रदीप रावत. त्या वर्षी काँग्रेस आणि नवी राष्ट्रवादी वेगवेगळ्या लढल्या होत्या. २००४ आणि २००९ पुन्हा कलमाडी, काँग्रेस. मग भाजपचे अनिल शिरोळे (२०१४), गिरीश बापट (२०१९) आणि मुरलीधर मोहोळ (२०२४).

२०१९ च्या ओळीखाली एक टीप हवी. बापट यांचं २९ मार्च २०२३ रोजी निधन झालं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ नुसार जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते. मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर सूट आहे, आणि इथे ती त्याहून जास्त होती. तरी निवडणूक झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती घेण्याचा आदेश दिला, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे २० लाखांच्या घरात मतदार असलेलं शहर वर्षभराहून जास्त काळ लोकसभेत प्रतिनिधीविना होतं. निवडणुकांचा तक्ता आणि प्रतिनिधित्वाचा तक्ता एकच नसतो, ते या एका ओळीत दिसतं.

नाव तेच, हद्द वेगळी

तक्ता भरला की लोक लगेच विधानसभानिहाय तुलना करायला बसतात. २००४ चं शिवाजीनगर आणि २००९ चं शिवाजीनगर शेजारी ठेवून मतं वाढली की घटली ते काढतात. ही तुलना चुकीची आहे. २००८ पूर्वी पुण्याच्या सहा विधानसभा अशा होत्या: शिवाजीनगर, बोपोडी, भवानी पेठ, कसबा पेठ, पर्वती आणि पुणे कॅन्टोन्मेंट. बोपोडी आणि भवानी पेठ नाहीशा झाल्या, कोथरूड आणि वडगाव शेरी आल्या. जी नावं टिकली त्यांची हद्दही बदलली. आरक्षणही हललं: आधी पर्वती अनुसूचित जातींसाठी राखीव होती, आता पुणे कॅन्टोन्मेंट आहे. रमेश बागवे २००४ ला पर्वतीतून आणि २००९ ला कॅन्टोन्मेंटमधून आमदार झाले, त्याचं कारण हेच. त्यांच्या नावापुढे 'मतदारसंघ बदलला' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल.

हा बदल का झाला, ते नकाशावरूनच उलगडतं, आणि इथे पुण्याचा भूगोल व इतिहास एकत्र येतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. मुठेकाठच्या पेठांतली हजारो माणसं बेघर झाली आणि गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. पुढे पेठांतल्या वाड्यांतून माणूस कोथरूडला गेला, नंतर आयटीच्या नोकऱ्यांनी खराडी, विमाननगर आणि बाणेर भरलं. मतदारसंघ लोकसंख्येवर आखतात, त्यामुळे माणसं जिथून जातात तिथला मतदारसंघ आजूबाजूला पसरतो आणि जिथे येतात तिथे नवा निघतो. दोन विधानसभांना पेठांतली माणसं पुरेनाशी झाली आणि एक गेली. महापालिकेची लोकसंख्या २००१ ला सुमारे २५ लाख होती, २०११ ला सुमारे ३१ लाख. ही वाढ पेठांत झालेली नाही.

म्हणून तक्त्यात २००४ आणि २००९ यांच्यामध्ये जाड आडवी रेघ मारा. रेघेच्या वर आणि खाली स्वतंत्र तुलना करा, रेघ ओलांडून करू नका. त्याआधीचे परिसीमन आयोग १९५२, १९६३ आणि १९७३ चे. १९७३ च्या आयोगाने आखलेल्या सीमांवर १९७७ ते २००४ अशा सगळ्या निवडणुका झाल्या, त्यामुळे तो पट्टा एकसंध आहे आणि तुलनेसाठी सगळ्यात चांगला.

नमुना २० हाताळताना

केंद्रनिहाय मतं हवी असतील तर नमुना २०, म्हणजे मतमोजणीचा अधिकृत तक्ता, घ्या. लोकसभेसाठीही तो विधानसभानिहाय तयार होतो, म्हणजे पुण्यासाठी सहा कागद. आडव्या ओळीत एक मतदान केंद्र, उभ्या रकान्यांत उमेदवार, मग एकूण वैध मतं, नाकारलेली मतं, नोटा, एकूण आणि शेवटी प्रदत्त मतं (आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं म्हणून मतदाराने वेगळ्या मतपत्रिकेवर दिलेली). नोटाचा रकाना लोकसभेला २०१४ पासून आहे.

भरून झालं की बेरीज ताडून पाहा. सहा विधानसभांची यंत्रावरची मतं, अधिक टपाली मतं, बरोबर जाहीर निकाल. टपाली मतं विधानसभेत वाटलेली नसतात, लोकसभेच्या पातळीवर वेगळी मोजतात. बेरीज थोडक्यात चुकली तर पहिला संशय तिथेच घ्या. २०२४ साठी अंतिम आकडे असे: मोहोळ ५,८४,७२८, काँग्रेसचे रवींद्र धंगेकर ४,६१,६९०, फरक १,२३,०३८. २०१९ चा फरक ३,२४,६२८ होता, २०१४ चा ३,१५,७६९ आणि २००९ चा, काँग्रेसच्या बाजूने, अवघा २५,७०१. या चार आकड्यांवरून लाटेची गोष्ट सांगण्याचा मोह होतो. आधी २००९ च्या ओळीत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची मतं पाहा. मनसेसह इतर उमेदवारांनी घेतलेली मतं त्या फरकाच्या कितीतरी पट होती.

एकूण फरकाखाली आतला चढउतार लपतो, तो विधानसभानिहाय काढा. २०२४ ला मोहोळांना सगळ्यात मोठी आघाडी कोथरूडने दिली, तर कॅन्टोन्मेंटमध्ये धंगेकर पुढे होते. नकाशावर हे टक्केवारीच्या छटांनी दाखवलंत तर एक धोका आहे. वडगाव शेरी विस्ताराने मोठी, कसबा पेठ लहान. डोळा क्षेत्रफळ मोजतो, मतदार मोजत नाही. छटेऐवजी प्रत्येक विधानसभेच्या मधोमध मतांच्या प्रमाणात वर्तुळ काढा.

एका निवडणुकीतलं केंद्र क्रमांक १२० दुसऱ्या निवडणुकीतलं १२० असेलच असं नाही. एका केंद्रावरच्या मतदारांची कमाल मर्यादा बरीच वर्षं १,५०० होती, २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने ती १,२०० वर आणली. मर्यादा बदलली किंवा वस्ती वाढली की केंद्रं फुटतात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. क्रमांकावर नव्हे, केंद्राची इमारत आणि यादी भागातले विभाग यांवरून जोड्या लावा. एका शाळेत आठ-आठ केंद्रं असतात, त्यामुळे नुसती इमारतही पुरत नाही. इतकं बारीक जमणार नसेल तर एका शाळेतली सगळी केंद्रं एकत्र करून त्यांची बेरीज वापरा. थोडी ढोबळ, पण खरी.

पुढच्या परिसीमनाआधी काय उतरवून ठेवायचं

जागांची संख्या १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने गोठवली, ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. जाहीर झालेल्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ आहे. त्यानंतर या रेघा पुन्हा आखल्या जातील. २००२ च्या कायद्यात पद्धत अशी होती की आयोग मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर बैठका घेतो, आणि अंतिम आदेश निघाला की त्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही. म्हणजे 'आमची सोसायटी रेघेच्या चुकीच्या बाजूला गेली' हे सांगायची वेळ मसुदा आणि बैठक यांच्या मधली. तेव्हा हातात जुना पक्का नकाशा असला तर हरकत दोन ओळींत लिहिता येते: इतका विभाग, अमुक यादी भाग, सध्या अमुक विधानसभेत, मसुद्यात तमुक.

त्यासाठी आत्ताच उतरवून ठेवा: सहाही विधानसभांच्या आणि कडेच्या २११ व २१३ च्या यादी भागांची पहिली पानं, २००९ पासूनचे नमुना २०, मतदान केंद्रांच्या याद्या आणि २००८ च्या आदेशातलं पुण्याचं परिशिष्ट. नव्या याद्या आल्या की संकेतस्थळावरून जुन्या जातात. फाइलच्या नावात विधानसभेचा क्रमांक, भाग क्रमांक आणि उतरवल्याची तारीख टाका. 'यादी नवीन फायनल' अशा नावाच्या पीडीएफ दोन वर्षांनी उघडल्या की कुठली कधीची ते कोणालाच सांगता येत नाही.